जुनी गाडी पुतण्याला द्या, पण नाव लावूनच

पत्र: मी ठाण्यात मानपाड्याला राहते आणि नौपाड्यातल्या एका शाळेत शिकवते. वय ५४. यंदाच्या पाडव्याला आम्ही टियागो ईव्ही घेतली, २४ युनिटची मोठी बॅटरी असलेली. चालवायला इतकी छान आहे की रात्री जेवणं आटोपली की काहीतरी निमित्त काढून मी एक चक्कर मारून येते. परत आले की समोर व्हिजिटर पार्किंगमध्ये आमची जुनी वॅगन आर दिसते आणि पोटात कालवतं. ती फेब्रुवारी २०१२ ची. चाळिशीत मी तिच्यावरच गाडी शिकले. सासूबाईंना शेवटची दोन वर्षं डायलिसिसला मीच तिच्यातून न्यायचे. बॅटरी उतरू नये म्हणून आता रोज सकाळी खाली जाऊन तिला दहा मिनिटं चालू करून ठेवते. दुसरी गाडी हलवा म्हणून कमिटीचं पत्र आलंय. मुलगा पुण्याहून सांगतो, पंधरा वर्षं होत आली, आता ती भंगारातच जाणार. यजमान म्हणतात, कळव्याच्या पुतण्याला देऊन टाक, त्याला महापेला शिफ्टची नोकरी लागली आहे. पुतण्या तयार आहे, फक्त म्हणतो, "काकू, नाव सवडीने लावू, घरातलाच तर आहे." मला वाटतं ठेवावी, चिपळूणला गावी जायला तरी होईल, कारण ईव्हीचा एवढ्या लांब भरवसा वाटत नाही. रोज रात्री तिला पूर्ण चार्ज करते तरी धाकधूक असते. आणि खरं सांगायचं तर नव्या गाडीत मला इतका आनंद होतो याचीच लाज वाटते. काय करू?

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. गाडी पुतण्याला द्या. आरसी त्याच्या नावावर करूनच द्या आणि पावसाळा जोर धरायच्या आत द्या. स्वतःकडे ठेवून घेऊ नका, आणि चालती गाडी भंगारातही घालू नका. राहिला प्रश्न नव्या गाडीतल्या आनंदाचा. त्याची लाज अजिबात बाळगू नका. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे.

मानपाड्याहून रोज नौपाड्याला जाणं म्हणजे काय, हे घोडबंदर रोडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कापूरबावडीला गाडी दहा फूट सरकते, थांबते, पुन्हा दहा फूट सरकते. पेट्रोल इंजिनात जागेवरून उठायचा जोर नसतो, फेरे वाढले की तो येतो. म्हणून गिअर लागतात, म्हणून क्लच लागतो, आणि म्हणूनच इतकी वर्षं माजिवडा पार होईपर्यंत तुमचा डावा पाय अर्ध्या क्लचवर तोललेला असायचा. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. ब्रेकवरचा पाय सैल केला की गाडी आपली आपण पुढे सरकते, थांबवली की मोटरही थांबते. तीन हात नाक्याच्या सिग्नलला एसी लावून बसलात तरी पायाखाली काही धडधडत नाही. दिवसभर वर्गात बोलून घसा बसलेल्या बाईला घरी जाताना मिळणारी ही शांतता फार मोलाची आहे. संध्याकाळी घरी पोचल्यावर पाय भरून आलेला नसतो, डोकं उठलेलं नसतं, म्हणून तर रात्री पुन्हा गाडी काढावीशी वाटते. यात लाजण्यासारखं काय आहे?

आणि हा आनंद जुन्या गाडीशी बेइमानी आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर हे बघा. चाळिशीत ठाण्याच्या रहदारीत गाडी शिकणं ही साधी गोष्ट नव्हती. मागून हॉर्न वाजत असताना चढावर गाडी उचलायची, रिक्षांच्या गर्दीतून वाट काढायची, शेजारी आजारी माणूस बसलेलं असताना खड्डे चुकवत हलक्या हाताने चालवायची, हे सगळं तुम्ही वॅगन आरवर कमावलंत. आज नवी गाडी तुमच्या हाताला इतकी गोड लागते ती त्या कमाईमुळे. नवशिक्याला ती नुसती सोपी वाटली असती.

म्हणून माझं म्हणणं असं की रात्रीच्या चोरट्या चकरांवर समाधान मानू नका, दिवसाढवळ्या ठरवून जा. रविवारी सकाळी उपवनावरून येऊरला चढा. उतरताना रीजेन सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवा. तुमच्या गाडीत त्याच्या शून्य ते तीन अशा पातळ्या आहेत. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते, गाडीचा वेग धरून ठेवते आणि तीच वीज बॅटरीत परत भरते. उतारावर रेंजचा आकडा हळूहळू वाढताना एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे धाकधूक निम्मी कमी होईल. फक्त येऊर हे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे हॉर्न नको, गाणी नकोत आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा. दुसरी सकाळ पाम बीच रोडसाठी ठेवा, वाशीपासून बेलापूरपर्यंत. थंडीत ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात जा, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला. साधारण नोव्हेंबर ते मे हे पाहुणे तिथे असतात. या खाडीला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. आपल्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर असं काही आहे आणि ठाण्यातली किती तरी माणसं तिथे कधी फिरकलेली नसतात, याची मला नेहमी हळहळ वाटते. यजमानांना सोबत न्या. परतताना चाक त्यांच्या हाती द्या. गाडी एकदा स्वतः चालवली की जुनीबद्दलचं बोलणं घरात सोपं होईल.

या गाडीला आवाज नाही ही सोय आहे तशी जबाबदारीही. पार्किंगमधून निघताना खेळणारी मुलं, पाठमोरे आजोबा, चाकाशी झोपलेलं कुत्रं, कोणालाही तुमची चाहूल लागत नाही. तिथे माणसाच्या चालीने चालवा.

आता रोजच्या चार्जिंगचं. तुमचं जाणं-येणं पंधरा-वीस किलोमीटरचं, म्हणजे दोन-अडीच युनिटांचं काम. त्यासाठी २४ युनिटांची बॅटरी रोज रात्री काठोकाठ भरायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. एरवी किती टक्क्यांपर्यंत भरायची आणि पूर्ण शंभर कधी करायची हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच पाळा. बॅटरीच्या जातीप्रमाणे ते बदलतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या ईव्हीचा नियम तुमच्या ईव्हीला लावू नका. बॅटरीला कंपनीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आहे, तेव्हा तिची काळजी घ्या पण धास्ती नको. पॉइंट पंधरा अँपिअरचा, स्वतंत्र वायरिंगचा, एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार आला किंवा वीज गळली की प्रवाह तोडणारे स्विच) बसवलेला आणि पक्क्या अर्थिंगचा हवा. एक्स्टेंशन बोर्ड लावून कधीही चार्ज करू नका. इलेक्ट्रिक गाड्यांच्या आगीच्या ज्या गोष्टी सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये चघळल्या जातात, त्यांना उत्तर द्यायचं असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून हे काम करून घ्या आणि त्याचं पत्र कमिटीला द्या.

वीज घरच्याच मीटरवरून घेत असाल तर महावितरणची दोन बिलं शेजारी ठेवून बघा, पाडव्याच्या आधीचं आणि नंतरचं. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. तीनशे युनिटांच्या वर गेलात की पुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं, आणि उन्हाळ्यात एसीमुळे आपण तसेही काठावर असतो. ईव्ही चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दर आणि वेगळं मीटर मिळतं. कुठलं परवडेल ते तुमचं बिलच सांगेल. दोन्हीकडे खर्च पेट्रोलच्या जवळपासही जात नाही. लिटर शंभरीच्या पुढे असताना वॅगन आर ठाण्यातल्या गर्दीत लिटरला तेरा-चौदा किलोमीटर देत असेल, तर दोनशे किलोमीटरला चौदाशे-पंधराशे रुपये होतात. ईव्ही तेवढंच अंतर पंचवीस-सत्तावीस युनिटांत कापते.

आता जुन्या गाडीकडे येऊ. तिची बॅटरी उतरू नये म्हणून तुम्ही रोज सकाळी जे करता त्यामागची माया मला कळते, पण त्याने तिचं भलं होत नाही. जागेवर दहा मिनिटं चालवून इंजिन पुरतं तापत नाही. जळलेल्या पेट्रोलची वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. स्टार्टरने बॅटरीतून जेवढं ओढलं तेवढं मंद फेऱ्यांवर धड भरूनही निघत नाही. शिवाय धूर पार्किंगमध्ये कोंडतो. आजकाल पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. ते टाकीत महिनोन्महिने पडून राहिलं की आत गंज धरायला लागतो. ठाण्याचा पाऊस सुरू झाला की ब्रेक ड्रम गंजून धरतात, टायर एकाच जागी दबतात, सीटवर बुरशी येते आणि बॉनेटखाली उंदीर येतात. वायरिंग कुरतडलं गेलं की गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो तुमच्या गाडीच्या वयाला झेपणारा नसतो. एका पावसाळ्यात ही गाडी भंगाराच्या लायकीची होऊ शकते, तीही नुसत्या उभं राहण्याने. तिला जपायचं असेल तर तिला कोणीतरी रोज चालवायला हवं. ते आता तुमच्या हातून होणार नाही. पुतण्याच्या हातून होईल. द्यायचा दिवस येईपर्यंत आठवड्यातून एकदा तिला रस्त्यावर काढा आणि वीस-पंचवीस मिनिटं चालवा. रोजचं ते दहा मिनिटांचं चालू ठेवणं आजपासून बंद.

मुलाला सांगा की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा नियम दिल्लीच्या परिसरातल्या पेट्रोल गाड्यांसाठी निघाला होता. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. वर पर्यावरण कर भरावा लागतो. तुमच्या गाडीची मुदत फेब्रुवारी २०२७ ला संपते. नूतनीकरणाचा तो खर्च आणि ती धावपळ पुतण्याच्या वाट्याला येणार आहे, हे त्याला आजच स्पष्ट सांगा. गाडीची किंमत ठरवताना तेवढं धरा. आणि उद्या मेकॅनिकने खालचा पत्रा पाहून मान हलवलीच, तर नाक्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथून गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्या. नोंदणी रद्द झाली नाही तर गाडी कागदावर तुमचीच राहते.

आता त्या 'सवडीने'बद्दल. ताई, इथे मात्र मी तुम्हाला हात जोडून सांगते, मऊ पडू नका.

कायद्याच्या नजरेत गाडीचा मालक कोण, तर ज्याचं नाव आरसीवर तो. चावी कोणाकडे आहे, पैसे कोणी दिले, नातं काय, हे नंतरचं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. मूळ मालकाने गाडी विकली, घेणाऱ्याने पुढे विकली, ती हातोहात फिरत राहिली, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहून गेली. मग अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्यानेच भरपाई द्यायची. तुमचा पुतण्या शिफ्ट करून रात्री-अपरात्री ठाणे-बेलापूर रोडने परतणार. त्याची नियत शंभर नंबरी असेल, तरी समोरून येणाऱ्याची हमी कोण देणार? आणि पुतण्याने ती उद्या मित्राला दिली तर? चलन आलं तर मेसेज तुमच्या मोबाइलवर येणार, पोलीस आले तर मानपाड्याला येणार. मग फोन तुम्ही करणार, तो 'भरतो काकू' म्हणणार, आणि दोन-चार वेळा असं झालं की दीर-जावेशी बोलताना तुमचा आवाज बदलणार. यजमानांना हेच समजावा. कागद मागितला म्हणून कोणावर अविश्वास दाखवला असं होत नाही. उद्या नात्यात वितुष्ट येऊ नये म्हणूनच तो करायचा.

काम तसं किचकट नाही. फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, दोघांच्या सह्या. कळवाही ठाणे आरटीओच्याच हद्दीत, म्हणजे दोघांचं एमएच ०४, त्यामुळे सगळं एकाच कार्यालयात होतं. अर्ज आणि फी परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येते. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं, अशी कायद्यातली मुदत आहे. पण त्याआधी आजच संध्याकाळी आरसी काढा आणि हायपोथिकेशनच्या, म्हणजे गाडी कर्जाला तारण असल्याच्या नोंदीत बँकेचं नाव अजून आहे का ते बघा. कर्ज फिटून कित्येक वर्षं झालेली असतात, पण बँकेचं नाव आरसीवरून काढायचं राहून गेलेलं असतं. गाडी द्यायची वेळ आली की तिथेच गाडं अडतं. तसं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि ते नाव काढायचा फॉर्म ३५ आधी. बाकी जुनी चलनं भरलेली असू द्या, पीयूसी चालू असू द्या, आणि गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही बसवून घ्या, नाहीतर आरटीओचं काम पुढे सरकायचं नाही.

चावी देताना एका साध्या कागदावर लिहा: गाडीचा नंबर, मीटरचं वाचन, तारीख आणि वेळ, आणि या क्षणापासून गाडी अमुक यांच्या ताब्यात. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, एक प्रत तुमच्याकडे. वेळ लिहायला विसरू नका. त्याच दिवसाचं एखादं चलन आलं तर तेवढी एक ओळ तुमच्या कामी येते.

विम्याचंही त्याच आठवड्यात. गाडी नावावर झाली की पुतण्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. तोवर समोरच्याच्या नुकसानीची भरपाई चालू राहते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा लटकतो. आणि तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सोडू नका. इतकी वर्षं दावा केला नसेल तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेला असेल. हा बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पुतण्याला तो मिळत नाही, उरलेल्या मुदतीचा फरक त्याला भरावा लागेल. तुम्ही कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीचा विमा घेताना शोरूममध्ये कोणी याबद्दल विचारलं होतं का? विचारलं नसेल तर आता तुम्ही विमा कंपनीला विचारा. फास्टॅग तर चावी द्यायच्या आधीच बंद करून काचेवरून काढा, नाहीतर त्याच्या प्रवासाचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील.

गाडी फुकट देऊ नका असं मला वाटतं. तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून किंमत काढा, त्यातून घरचा म्हणून काय सोडायचं ते सोडा, पण काहीतरी घ्या, आणि नाव लावायचा व विम्याचा खर्च त्याला करू द्या. पदरचे पैसे घातलेली गाडी पोरं वेळेवर सर्व्हिसिंगला नेतात. आणि त्याला एक प्रश्न आधीच विचारा: कळव्याला गाडी लावणार कुठे? याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत तारीख ठरवू नका. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की त्यातून गाडी घालायची नाही, हेही बजावून सांगा. (तुम्हालाही तेच, वंदना टॉकीजपाशी. बॅटरी पाणी शिरणार नाही अशी बंद केलेली असली तरी ईव्ही म्हणजे होडी नाही.)

मग द्यायच्या आदल्या रविवारी गाडी रिकामी करा. दारातले कप्पे, सीटखालची जागा, मागचा ट्रे. इतक्या वर्षांत काय काय सापडेल ते तुमचं तुम्हालाच माहीत. सासूबाईंची एखादी वस्तू निघाली तर ती घरात आणा, तिला घरात जागा द्या. गाडी धुवा, हार घाला, नारळ फोडा, दसऱ्याला घालता तसाच. रडू आलं तर येऊ द्या. आणि पुतण्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. या गाडीच्या खोडी तुमच्याइतक्या कोणाला ठाऊक असणार? थंड असताना कुठला गिअर अडतो, कुठलं दार जोरात ओढावं लागतं, काचेवर वाफ धरली की पंख्याची कुठली खिट्टी लावायची, उताराला हँडब्रेक कितपत धरतो. हे सगळं त्याला कागदावर लिहून द्या आणि तो कागद आरसीच्या पाकिटात ठेवायला सांगा. तुमच्या गाडीची काळजी याहून चांगली कोण घेणार? मेकॅनिकलाही त्याचा उपयोग होईल. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील लवकर खराब होऊ शकतात, तेवढे पहिल्या सर्व्हिसिंगला तपासून घ्यायला सांगा.

राहिलं चिपळूण. वर्षातून दोन-तीन खेपांसाठी एक गाडी वर्षभर विमा, सर्व्हिसिंग आणि पार्किंगसकट पोसायची हा हिशोब बसत नाही, आणि व्हिजिटर पार्किंगवर तुमचा तसा हक्कही नाही. कमिटीचं म्हणणं इथे बरोबर आहे. त्यांना महिनाभराची मुदत मागणारं पत्र द्या आणि ती पाळा. ठाण्याहून चिपळूण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. महामार्गावर एसी लावून, ऐंशीच्या वेगाने, तुमची गाडी एका चार्जमध्ये हे अंतर निवांत पार करेल असं मी म्हणणार नाही. वाटेत एकदा, जमल्यास दोनदा थांबायचं धरून चला. फास्ट चार्जरवर दहा ते ऐंशी टक्के व्हायला साधारण तास लागतो. पेणला वडे खा, माणगाव-महाडकडे जेवा, तेवढ्यात गाडीही जेवेल. निघायच्या आदल्या रात्री मात्र शंभर टक्के भरा. वाटेतला चार्जर ॲपवर चालू दिसतो का ते बघा आणि जवळचा दुसरा एक हाताशी ठेवा. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की पुढच्या चार्जरची वाट बघू नका, जो समोर येईल तिथे थांबा. लोटे सोडल्यावर परशुराम घाट उतरताना रीजेन काय करतं ते तुम्हाला दिसेलच.

पहिली खेप गणपतीच्या गर्दीत नको. त्या दिवसांत महामार्ग तुंबतो आणि चार्जरसमोर रांगा लागतात. तेव्हा ठाण्याला थांबणारी कोकण रेल्वेची गाडी धरा. तुम्ही एखादा साधा शनिवार-रविवार काढा, पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत. निघायच्या आठवडाभर आधी गावी फोन करून घरातल्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्यायला सांगा. ते ठीक असेल तर गाडी रात्रभरात तिथेच भरेल आणि परतीच्या सकाळी तुम्ही पूर्ण चार्जने निघाल.